जंगूचा खांब

नागपूर,
दि. १४ जानेवारी १९५७

चि. मुखरूस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघं इथे सुखरूप पोचलो. छोटी गाडी नागभीडला इतका वेळ उभी राहिली, की तुझ्या भाऊजींनी तिथल्या चहावाल्याशी नातंच जोडलं. ते आले आहेत धानगिरणीचं नवं यंत्र बघायला. मी कशाला आले ते तुला सांगायला नको. नागपुरात चित्रांचं प्रदर्शन भरलं की हिला मूलमध्ये झोप लागत नाही, असं ते आता डब्यातल्या अनोळखी लोकांनाही सांगतात.

काल दुपारभर प्रदर्शनात होते. भाऊजी बाकावर बसले आणि तोंडावर पेपर घेऊन निजले. एका चित्रात धानाच्या बांधीत वाकलेली बाई होती. चेहरा दिसतच नव्हता, नुसती पाठ. मी तिथून हलेना, तेव्हा मागून एकानं विचारलं, बाई, काही चुकलं काय. मी म्हटलं, चुकलं नाही, ही पाठ माझ्या मावशीची आहे. तो चित्रकारच निघाला. लटारू त्याचं नाव, मूळचा चिमूरकडचा. मग आमची अशी गट्टी जमली की भाऊजींना उठवून त्याची ओळख करून द्यावी लागली.

आज संध्याकाळी यंत्र विकणाऱ्या शेठजींच्या बंगल्यावर चित्रकारांना पार्टी होती. यंत्र त्यांच्याकडूनच घ्यायचं आहे, म्हणून आम्हालाही बोलावणं आलं. शेठजींना कलेचा शौक मोठा. बायकांनी मला गिरणीवाल्याची बायको म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं, आणि मुखरू, माझ्या शेजारी तिथे एक लाकडी खांब उभा होता. वर दोन पक्षी, खाली नदीतला डोंगा, आणि डोंग्यात बांबू धरून उभा असलेला माणूस. इतकं देखणं काम प्रदर्शनातही नव्हतं. मी त्यावरून हात फिरवला आणि एकदम आठवलं. मागच्या हिवाळ्यात मी तुझ्याकडे आले होते, तेव्हा नदीवर जाताना मोहाच्या झाडाखाली तू मला असाच खांब दाखवला होतास. नावाडी जंगू मेला, त्याच्या नावानं त्याच्या भावानं कोरला, असं म्हणाला होतास.

शेठजी म्हणाले, एका व्यापाऱ्याकडून घेतला. माझी नजर चुकत असेल. तू एकदा त्या मोहाखाली जाऊन ये आणि लगेच कळव.

तुझ्यासाठी पाहिलेल्या पोंभुर्ण्याच्या मुलीबद्दल मी दोनदा लिहिलं, त्याचं उत्तर नाही. ती पत्रं नदीत पडली का?

लोभ आहेच, तो वाढवावा असं धाकट्या भावाला वेगळं काय सांगू.
तुझी बाई,
मनकर्णा


भामरागड,
दि. २ फेब्रुवारी १९५७

ती. सौ. बाईस मुखरूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र हलकाऱ्यानं आणलं, त्याच संध्याकाळी शाळेला कुलूप लावून मोहाखाली गेलो. खांब नाही. नुसता खड्डा आहे, त्यात पानं साचली आहेत. बाई, मी रोज नदीवर जातो, पण हल्ली त्या वाटेनं जात नाही, म्हणून मला कळलं नाही. वाईट वाटलं.

सुकलूकडे गेलो. जंगूचा धाकटा भाऊ तो, खांब त्यानंच कोरला. दिवाळीनंतर बांबूची लारी आली होती, तीतल्या लोकांनी खांब उपटून नेला म्हणाला. अंगावर खाकी कपडे होते, म्हणून गावाला वाटलं सरकारनंच नेला. सरकारला विचारायला कोण जाणार? मला काऊन सांगितलं नाही असं विचारलं, तर म्हणाला, गुरुजी, तुमी बी सरकारचेच ना.



तुला हा जंगू कोण ते नीट सांगतो. माझी बदली इथे झाली तेव्हा पूर ओसरत होता. पलीकडे मी आणि माझी ट्रंक, आणि दुसरा कोणीही डोंगा घालायला तयार नाही. जंगूनं मला आणलं. मधल्या धारेत मी डोळे मिटून बसलो होतो, तर तो गाणं म्हणत होता. पुढच्या वर्षी तापानं गेला. त्याची बायको नीलाबाई आहे. ती तिच्या माडिया भाषेत बोलली, ते मला समजलं तसं लिहितो. ती म्हणाली की खांब गेल्यापासून नवरा कुठे उभा असेल, ते तिला कळत नाही. ती रडली नाही. मोहफुलं वेचायच्या टोपलीचा काठ विणत होती, तो विणत राहिली.

पण बाई, तू घाई करू नकोस. यंत्र त्याच शेठजींकडून यायचं आहे. वर्षभर भाऊजी त्या यंत्राशिवाय दुसरं बोललेले नाहीत. तुमचं काम बिघडावं असं मला वाटत नाही. सुकलू नवा खांब कोरायचं म्हणतो आहे.

मुलीबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

भाऊजींना नमस्कार. तुझी माया अशीच माझ्याकडे वाहती राहो.
तुझा,
मुखरू


मूल,
दि. २४ मार्च १९५७

चि. मुखरूस अनेक उ. आशीर्वाद.

तुझं पत्र मी भाऊजींना वाचून दाखवलं.  ते जेवले, गिरणीत गेले आणि रात्री उशिरा परत आले. यंत्राचा करार करायला होळीनंतर नागपूरला जायचंच होतं. निघताना मी म्हटलं, मी घरीच राहते. तर म्हणाले, तू नसशील तर मी एकटा शेठजींच्या घरी काय पाहू?

त्या दिवशीही बंगल्यावर पार्टी होती. दिल्लीहून कुणी मोठे चित्रकार आले होते. खांब आता दिवाणखान्याच्या मधोमध आणून ठेवला होता, त्यावर विजेचा झोत सोडला होता. लोक त्याच्याभोवती फिरून वाहवा करत होते. खोटं कशाला लिहू, त्या उजेडात तो पूर्वीपेक्षा सुंदर दिसत होता. माझा जीव दोन्हीकडे ओढला.

पाहुणे जेवायला गेले तेव्हा मी शेठजींना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. लटारूही होता. शेठजी वाईट माणूस नाहीत, मुखरू. त्यांचा चेहरा उतरला. चोरीची वस्तू आपल्याकडे आहे हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. पण मग म्हणाले, बाई, तिथे याला वाळवी खाईल, पावसात कुजेल. इथे शंभर वर्षं टिकेल. लटारूनंही मान डोलावली. ते चूक बोलत होते असं मला म्हणता येईना. चांगली वस्तू टिकावी, हे तर माझंही म्हणणं.

मी म्हटलं, "शेठजी, वस्तू इथे टिकेल. पण ती बाई रोज नदीवर जाताना कुणाकडे पाहील?"

शेठजी विचार करून सांगतो म्हणाले. श्रीमंतांचा विचार किती लांबतो ते मला माहीत आहे. मी उठले. तेवढ्यात तुझे भाऊजी, ज्यांनी त्या घरात आजवर हो-नाहीपलीकडे शब्द काढला नव्हता, ते शांतपणे म्हणाले, "शेठजी, यंत्र आमी दुसरीकडून पाहू. पर खांबाबिगर हिले घरी नेणं मले जमणार नाई."

शेठजी उठून खांबापाशी गेले. मग नोकराला गोणपाट आणायला सांगितलं. यंत्राचं मात्र त्यांनी त्या दिवशी काही बोलणं काढलं नाही, आणि आम्हीही काढलं नाही. ते गेलं असं समज. गाडीत मी भाऊजींना विचारलं, वाईट वाटतं का. म्हणाले, जुनं यंत्र अजून चालतं आहे, आवाज फक्त जास्त करतं.

खांब घेऊन लटारू स्वतः निघतो आहे. आपण त्या वेळी मान डोलावली, याचं त्याला फार लागलं. त्याला तुझ्याकडे उतरवून घे. चहात साखर जास्त लागते.

आमच्या जिवाला तुझा घोर असतो, तेवढं ध्यानात ठेव.
तुझी बाई,
मनकर्णा


भामरागड,
दि. १९ एप्रिल १९५७

ती. सौ. बाईस व ती. भाऊजींस सा. न. वि. वि.

खांब पोचला. आलापल्लीपर्यंत लारीनं, पुढे बैलबंडीनं. लटारूभाऊ पूर्ण वाट बंडीत त्याला धरून बसले होते.

पण आल्यावर वेगळाच पेच पडला. गावातली म्हातारी माणसं म्हणाली, परक्याच्या घरात राहून आलेला खांब पुन्हा रोवता येतो की नाही, हे कुणालाच माहीत नाही. असं कधी घडलंच नव्हतं. कोणी म्हणे नदीत सोडा, कोणी म्हणे सुकलू नवा कोरतोच आहे, तोच रोवा. सकाळपासून दुपार झाली. खांब बंडीतच होता. तू आणि भाऊजींनी एवढं केलं ते वाया जातं की काय, असं मला वाटायला लागलं. लटारूभाऊ तर मान खाली घालून बसले.

नीलाबाई एका बाजूला बसली होती. ती उठून बंडीजवळ आली, गोणपाट सोडलं आणि डोंग्यातल्या माणसावरची धूळ पदरानं पुसली. मग म्हाताऱ्यांना म्हणाली की माणूस गावाला जाऊन आला तर त्याला दारात उभं करून वाद घालतात का? आधी पाणी देतात, जेवू घालतात.

म्हातारे बाजूला सरले. तिनं खांबापुढे पाणी ठेवलं, भात ठेवला, मोहाची थोडी दारू शिंपडली. सगळे तिथेच जेवले, आम्हीही. उन्हं कलल्यावर सुकलूनं जुना खड्डा उकरला आणि खांब उभा झाला. लटारूभाऊंनी पायानं माती दाबली. चित्र काढतो का म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, आज नाही, आज मी पाहुणा आहे.

परत निघताना नीलाबाईनं मला थांबवून मोडक्या मराठीत विचारलं, "तिथं त्याच्याशी कोणी बोलत होतं का?"

मी शेठजींचा दिवाणखाना, दिवे, पाहुणे, काय काय सांगणार होतो. शेवटी म्हटलं, माझी बहीण त्याच्याशेजारी बसली होती. तिनं त्याला ओळखलं.

तिनं खांबापुढचं पाण्याचं भांडं उचललं. मग म्हणाली की तुझ्या बहिणीला इकडे बोलव. पाऊस लागायच्या आत ये म्हणावं. नदी उतरायला सुकलू डोंगा घालेल.

पोंभुर्ण्याची मुलगी पाहायला मी सुटीत येतो. येताना तुम्हा दोघांना इकडे घेऊनच परतायचं, असं ठरवलं आहे.

तुमच्या मायेचा सदैव भुकेला,
मुखरू