एका हाताचा पैलवान

तिसगाव,
९ फेब्रुवारी १९७२

चिरंजीव गोरक्षनाथ यास आत्याचा आशीर्वाद.

तुझ्या छावणीत थंडी असेल. मोजे वेगळे पाठवले आहेत. घरी सर्व ठीक आहे, हे वाक्य मागच्या पंधरवड्यात लिहिले असते तर खोटे झाले असते, म्हणून पत्रच लिहिले नाही.

आधी तुझ्या वडिलांची तक्रार. तुझ्या सात महिन्यांच्या लेकाचा डावा दंड उजव्याच्या दीडपट झाला, तर आबासाहेबांनी त्याला आठवडे बाजारात मिरवले. "पैलवानाचा दंड हाय, आमच्या आज्यावर गेलाय." एकाच हाताचा पैलवान मी तरी पाहिलेला नाही. तालमीतले वस्ताद येऊन दंड चाचपून गेले आणि दात न आलेल्या पोराला बदाम सांगून गेले.

संक्रांतीनंतर मुक्ता हट्टाने त्याला नगरला घेऊन निघाली. मी आणि आबासाहेब सोबत. डॉक्टर म्हणाले, काखेजवळ गाठ आहे, काढावी लागेल. वाईट निघाली तर हातही जाईल. आबासाहेब म्हणाले, सुरी लावू देणार नाही. डॉक्टरांनी कागद पुढे केला. मी शिकलेली, मी पेन उघडले, पण हात पुढे जाईना. मुक्ताने ते माझ्याकडून घेतले.

"मामंजी, दंड तुमचा असंल. पोरगं माजं हाय."

आणि सही केली.

लिंबाएवढी गाठ निघाली. पुण्याहून अहवाल आला: तान्ह्या मुलांनाच क्वचित होणारी, चरबीची आणि तंतूंची, कॅन्सर नव्हे. काल त्याच हाताने त्याने माझा चष्मा फोडला. आबासाहेब आता टाके दाखवतात, पहिली कुस्ती मारली म्हणून.

आता टाळत होते ते. मुक्ता दिवाळीतच म्हणाली होती, "आत्याबाई, ह्यो हात मला येगळा लागतो." मी म्हटले, बाळसे आहे, अडाण्यासारखे बोलू नकोस. आणि स्वेटर विणताना डावी बाही आठ टाके रुंद धरली. मोजून. मिशनच्या शाळेत नन्सनी मला गणित उत्तम शिकवले होते.

मुलगी चौथी शिकलेली म्हणून मी तुमच्या लग्नाला आले नव्हते. आता तिची माफी मागायला तोंड उघडते आणि भलतेच बोलते. काल म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे. तू नवरा आहेस. तिच्याशी कसे बोलावे ते लवकर कळव.

तुझी, आणि तिची हरकत नसेल तर मुक्ताचीही,
भागिरथीआत्या