मोज्यातली चावी

बुधवार, ४ मार्च. सकाळ.
निघालो. मी, बायको आणि मुलगी. चार दिवसांची सहल. गाडी अर्थात माझीच, भंगारातून उचलून स्वतः उभी केलेली. गॅरेज नंतर झालं, आधी ही.
सहलीत मुलीला सरप्राइज द्यायचंय. परत गेलो की गॅरेजच्या पाटीवर माझ्या नावाखाली तिचं नाव. रंग आणून ठेवलाय. अजून कोणाला बोललो नाही.
एक गोष्ट खटकली. मुलीने दोन मोठ्या बॅगा घेतल्यात. चार दिवसांना? म्हणे, लागतं सामान. लक्षात ठेवलंय.

बुधवार, दुपार.
उलगडलं! पेट्रोल पंपावर मी बॉनेट उघडून उभा होतो. दोघींना वाटलं मला ऐकू जात नाही. गाडी फाटकात शिरताच सैल नट ओळखणारे कान हे. बायको म्हणाली, तूच सांग, मी सांगितलं तर इथूनच गाडी वळवतील. मुलगी म्हणाली, आधी कारखाना बघू दे, मग विरोध करणार नाहीत.
वाटेत गाड्या जोडण्याचा मोठा कारखाना आहे. तो ‘सहज’ बघायची परवानगी मुलीने काढलीय. सहज! माझी गाडी मोडीत काढून नवी गळ्यात मारायचा बेत आहे.
ठराव : नव्या गाडीत बसायचं नाही. सही करायची नाही. चावी मोज्यात.

बुधवार, संध्याकाळ. लॉज.
बाथरूममध्ये नळ बंद करून ऐकलं. बायको रडवेली. म्हणत होती, इतकी वर्षं सोबत, आता घर ओकंबोकं वाटेल. गाडी शेडमध्ये असते, घरात नाही. पण तिचाही जीव गाडीत अडकलाय हे कळून बरं वाटलं. तिला फोडता येईल.

गुरुवार, ५ मार्च. सकाळ.
चावी मोज्यात ठेवली तर गाडी चालवायची कशी, हा मुद्दा राहून गेला होता. आता थांबलो की मोज्यात, निघालो की बाहेर. टाच सोलवटली.
मुलगी म्हणते, मागच्या डाव्या दारातून किर्र आवाज येतो. मी म्हटलं, रस्ता खराब आहे. रस्ता आरशासारखा होता, मान्य. पण गिऱ्हाइकाच्या गाडीला आधी नावं ठेवायची, ही युक्ती मलाही येते.

गुरुवार, दुपार. कारखान्यातल्या बाकावर.
गाडी गेटबाहेर ठेवायला लावली. वॉचमनला लक्ष ठेव म्हटलंय. वॉचमनवर लक्ष ठेवायला कोणी नाही.
हेल्मेट दिलं. गाईड फार गोड बोलतो. मुलीशी तर जुनी ओळख असल्यासारखा. सेल्समन, दुसरं काय.
आत गाड्यांचे सांगाडे वरून लटकत येतात, दारं वेगळ्या पट्ट्यावरून. यंत्राचा हात काच उचलतो आणि अलगद बसवतो. काम उत्तम आहे. हे फक्त इथे लिहितोय. गाईडला म्हटलं, ठीक आहे.
शेवटी एक बंद खोली. तिथे गाडी यंत्रावर हलवतात आणि आत बसून बारीक आवाज शोधतात. त्या विभागाच्या मॅडमनी मुलीला आत बसवलं. मलाही बसा म्हणाले, मी बसलो नाही. ठराव. मुलीने डोळे मिटले. लहानपणी गॅरेजात मीच शिकवलेलं, डोळे मिट आणि सांग. म्हणाली, मागच्या सीटबेल्टचं बक्कल, आणि डॅशबोर्डच्या आत एक क्लिप. उघडून बघितलं तर बरोबर. क्लिपचा आवाज दाराशी उभा असून मलाही आला नव्हता.
मॅडम आणि गाईडची नजरानजर. आधी हुशार म्हणायचं, मग बिल काढायचं. मॅडम कागद आणायला गेल्यात. मी तयार आहे.

गुरुवार, संध्याकाळ.
कागद समोर येताच मी उभा राहून सांगितलं, जुनी गाडी देणार नाही. चावी मोज्यात आहे आणि मोजा माझ्या पायात.
मुलगी म्हणाली, “बाबा, तुमची गाडी कोणालाच नकोय. मला नोकरी लागलीय इथे. ह्याच खोलीत. सोमवारपासून.”
मी म्हटलं, “मला माहीत होतं.”
होतंच म्हणा. दोन बॅगा, परवानगी. नुसती खात्री करत होतो. बायको म्हणाली, “अहो, मग मोज्याचं काय?” मी मोजा वर ओढला.
ठराव : उद्या तिला समजावून परत न्यायचं. पाटीचं सांगितलं की विरघळेल.

शुक्रवार, ६ मार्च. सकाळ.
तिला कारखान्याच्या हॉस्टेलवर सोडलं. समजवायचं राहिलं. बॅगा मीच वर नेल्या, दम लागला, दमात बोलता येत नाही. तिने खिडकीतून खाली बघितलं, अंगण दिसतं म्हणाली, खूश होती. पाटीचा विषय काढला नाही. निघताना म्हणाली, बाबा, ते दार बघा.

शुक्रवार, दुपार. परतीच्या वाटेवर.
पुढची सहल रद्द. बायकोला विशेष हौस उरली नाही. मला गाडीची काळजी.
गाडी वाचली. ठरवलं तेच झालं.
मागून किर्र आवाज येतोय. रस्ता आरशासारखा. बायकोने फोन लावला आणि मला न विचारता मागच्या दाराजवळ धरला. पलीकडून मुलगी म्हणाली, रबर सुटलंय, पाच मिनिटांचं काम आहे, बाबांना सांग.
मला माहीत होतं. हत्यारं डिकीत आहेत. पण घरी जाऊन बघू.
मागची सीट रिकामी, त्या किर्रची तेवढीच जाग.