जाळीतला काळा चुरा

३ फेब्रुवारी

नर्सबाईंची गाडी आज गॅरेजात आली. बाई निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, गाडी त्याहून जुनी. पुलाचा चढ लागला की तेलाचा लाल दिवा पेटतो, जरा थांबलं की विझतो. "माझ्यासारखंच आहे तिचं, चढावर धाप लागते," म्हणाल्या.

बाबांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली. "बेअरिंग झिजलंय. वय झालं."

एकतीस वर्षं ते इथे मिस्तरी आहेत. त्यांनी एकदा सांगितलं की पुढे कोणी बोलत नाही. मी बॉनेट लावलं. पण पटलं नाही.

४ फेब्रुवारी

तेलाची पातळी बरोबर. दिव्याचा सेन्सर नवा घातला, तरी तेच. मग सेन्सर काढून त्याच्या जागी दाब मोजायचा गेज जोडला आणि इंजिन गरम होऊ दिलं. मंद चालताना काटा व्यवस्थित. ॲक्सिलरेटर दाबला की खाली! बेअरिंग झिजलेलं असतं तर उलट झालं असतं – मंद असताना दाब कमी, वेग दिला की जास्त. म्हणजे तेल आहे, पण पंपाला ओढता येत नाही. इंजिनाखालच्या चेंबरात तेल साठतं, तिथली जाळी तुंबली असणार.

बाबांना गेज दाखवला. त्यांनी काटा नीट बघितला. मग म्हणाले, "चेंबर राहू दे. संध्याकाळी मी उघडतो. तू जा घरी."

काम अर्धं टाकून घरी जा, असं बाबा कधीच म्हणत नाहीत.

५ फेब्रुवारी

सकाळी लवकर जाऊन मीच चेंबर उतरवलं. जाळीभर काळा चुरा. चिमटीत धरला तर रबरासारखा ताणला गेला. चेंबर बसवताना कडेने लावतात ती पेस्ट! कोणीतरी हात सैल सोडून लावली, जादाची आत लोंबली, वाळली आणि तुकडे होऊन तेलात पडली.

चेंबर शेवटचं उघडलं तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात. गाडीच्या कार्डावर सही बाबांची.

बाबा कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. "जाळी धुऊन टाक. गाडी चालेल. विषय संपला."

"आणि दोषपत्रक?"

"लिही, जाळीत घाण होती. घाण ती घाण. तिला काय आडनाव असतं?"

दोषपत्रक ही माझीच कल्पना. नोकरीला लागल्यावर मालकांना मीच सुचवलं – प्रत्येक बिघाडाचं कारण लिहायचं, आणि शेवटचा रकाना, 'कोणाच्या हातून'. वेल्डर तेव्हा म्हणाला होता, "लोक कॉलेजातून पदवी आणतात, हिने रकाने आणले."

६ फेब्रुवारी

दिवसभर रकाना कोरा. वेल्डरची चूक असती तर मी दोन मिनिटांत लिहिली असती. घरचं झाकायचं आणि बाहेरचं उघडं करायचं, तर मग शिकले कशाला? आमच्या घरात पदवी पहिली माझीच. ती बाबांच्या हातांवर झाली, हेही खरं.

संध्याकाळी लिहिलं – मिस्तरी.

७ फेब्रुवारी

मालकांनी सगळ्यांसमोर वाचलं.

"मिस्तरी, हे तुमचं काम?"

बाबा हात पुसत होते. पुसतच राहिले. "माझंच."

"मग आता जरा पोरीकडून शिका." मागे कोणीतरी हसलं.

उद्यापासून त्यांनी इंजिनाला हात लावायचा नाही. टायर आणि हवा बघायची.

मला वाटलं होतं, काहीतरी कारण देतील. घाई होती, पेस्ट खराब होती, काहीही.

स्कूटर मी चालवते, ते मागे बसतात. खांद्यावर हात असतो. आज त्यांनी मागची दांडी धरली.

८ फेब्रुवारी

सुट्टी. बाबा माझ्या आधीच जेवून उठले.

९ फेब्रुवारी

नर्सबाई गाडी घेऊन गेल्या. पुलावर एक चक्कर मारून परत आल्या, मुद्दाम सांगायला. "दिवा नाही गं! हातात गुण आहे तुझ्या." पलीकडे बाबा गुडघ्यावर बसून कोणाच्यातरी चाकात हवा भरत होते. त्यांनीही ऐकलं असणार.

१२ फेब्रुवारी

जेवताना धीर करून म्हटलं, "बाबा, मी खरं तेच लिहिलं."

"बरोबर लिहिलंस. आमटी घे."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

१५ फेब्रुवारी

आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "त्या मे महिन्यात हे कसली पेस्ट लावणार? उजवा हात प्लास्टरमध्ये होता. कॉलेजच्या सुट्टीत तूच नाही का जायचीस? हे स्टुलावर बसून सांगायचे, तू करायचीस. सही तेवढी डाव्या हाताने."

तेव्हा मला सगळ्या गाड्या खालून सारख्याच दिसायच्या. त्यांना मात्र प्रत्येक आठवत होती.