उपासाला चालणारा गुडाखू

॥ गडकालिका माता प्रसन्न ॥
कामठा, ता. ५ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. भूमेश्वरीस तुझ्या मोठ्या बहिणीचे, बाईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर सारं घर कान देऊन राहते, म्हणून लिहिते. माझ्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला. गोंदियाच्या दातांच्या डॉक्टरनं कण काढून तपासाले पाठवला. कॅन्सर नाही म्हणाले, पण पुढं होऊ शकते. तंबाखू सोडा, अन् दर तीन महिन्यांनी तोंड दाखवा. मी सांगितलं, जन्मात तंबाखू खाल्ला नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात तुझे भाऊजी, अन् चट्टा मले! देवीचा हा कुठला न्याय?

दुखत तर नाही. मग गाडीभाडं घालून घडीघडी कायले जायचं? मी काही जात नाही. जावईबापूंना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
रामकली

तिरोडा, ता. ११ फेब्रुवारी

ती. बाईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडली, मग राग आला. तंबाखू खात नाहीस, तर जेवल्यावर बोटानं दातांना काय घासतेस? गुडाखू म्हणजे गूळ अन् तंबाखूच ना! दात दुखला की माय आपल्याला लावायची, म्हणून आपण त्याला मंजन समजून बसलो. पोटात जात नाही म्हणून तुला सोमवारच्या उपासालाही चालतो. डबीवर सडलेल्या तोंडाचं चित्र आहे, अन् तीच धुऊन तू देव्हाऱ्यात कुंकवाला ठेवतेस.

डॉक्टरला खरं सांगितलं नाहीस, तर तो इलाज कायचा करणार? दुखायची वाट पाहशील तर उशीर होईल. जा, अन् सारं सांग.

पाया पडते. लोभ आहे तसाच राहू दे.

भूमेश्वरी

कामठा, ता. ८ मे

चि. सौ. भूमेश्वरीस अनेक आशीर्वाद.

डॉक्टरला सांगून आली, तेव्हाच गुडाखू सोडला. आठ दिवस डोकं ठणकलं, पोट साफ होईना, घरात साऱ्यांवर खेकसत राहिली. तुझे भाऊजी म्हणाले, सोडला तू, अन् शिक्षा मले.

आज तपासणी झाली. चट्टा समोरून विरला, मागं दाढेपाशी आहे तसाच आहे. राहिला तर काढून टाकू म्हणाले. पण गेला तरी दाखवत राहावं लागेल. मी हो म्हटलं.

तुझं पत्र पुन्हा वाचलं. मायनं लावला तो दोघींना. माझं सारं लिहिलंस, तू सोडला का ते एका ओळीनं नाही. फोनवर विचारलं तर पोरांच्या परीक्षेचं सांगत बसलीस. म्हणून पुढच्या मंगळवारचा तुझा नंबर लावून आली आहे. सकाळच्या गाडीनं ये, मी गोंदियाच्या फलाटावर उभी राहते. मले काही समजावू नको. डॉक्टरपुढं तोंड उघड, बस.

तुझीच,
बाई