नाइस्ट्रॉमची कॉफी

एल्म फॉल्स, मिनेसोटा
१४ जून १९९६

ती. टिल्डाआत्यास,
सिग्नेचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेली लेफ्साची, त्या बटाट्याच्या पोळ्यांची, चवड पोचली. बाबांनी लोणी-साखर फासून निम्मी लगेच फस्त केली, म्हणून आभार उरलेल्या निम्म्यांचेच.

अखेर मला काम मिळालं. मेडिकल कॉलेजवाले म्हणतात, आधी रोग्यांत काम करा आणि मग अर्ज करा. इस्पितळवाले म्हणतात, आधी कुठे काम केलं असेल तरच या. वसंतभर मी या दोघांमध्ये चेंडूसारखी फिरत होते. शेवटी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना वाँडा भेटली. ती गावातल्या म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात मुख्य नर्स आहे. थोडं शिक्षण घेऊन मदतनीस म्हणून ये, म्हणाली. काम नीट केलंस तर शरदात शिफारसपत्रही देईन, म्हणाली. आंघोळी घालायच्या, भरवायचं, कूस बदलायची. बाबा म्हणाले, एवढं जीवशास्त्र शिकलीस ते म्हाताऱ्यांची ढुंगणं धुवायला का. मी हो म्हटलं.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी सिग्ने

डुलुथ
२३ जून १९९६

चि. सिग्ने हीस,
आत्याचे अ. उ. आ.

तुझ्या बाबाचं, रोल्फचं, मनावर घेऊ नकोस. लहानपणी त्याचंही तेच मी धुतलं आहे, हे त्याला माझ्या नावानिशी सांग. फक्त पाठ सांभाळ. माणूस उचलताना गुडघ्यात वाक, नाहीतर डॉक्टर होण्याआधी रोगी होशील. आपल्या घराण्यात अजून कोणी डॉक्टर झालं नाही. मी देवाकडे फारसं काही मागत नाही, पण हे मागते.

पत्राची वाट पाहायला लावू नकोस.
तुझी आत्या

एल्म फॉल्स
१६ ऑक्टोबर १९९६

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

हे बाबांना सांगितलेलं नाही. माझ्याकडे अर्व्हिड नाइस्ट्रॉम म्हणून एक म्हातारा आहे. जन्मभर रेल्वेत होता. स्वीडिश, त्यामुळे आम्ही नॉर्वेवाले कसे मठ्ठ हे तो मला रोज ऐकवतो आणि मला ते आवडतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्याचं गिळणं बिघडलं आहे. पातळ काही घेतलं तर ते छातीत उतरतं, म्हणून त्याचं पाणी, दूध, कॉफी सगळं पूड घालून खळीसारखं घट्ट करून द्यायचं असतं. काल त्याचा वाढदिवस होता. त्याने साधी कॉफी मागितली. मी नाही म्हटलं. पुन्हा मागितली, मी हसून टाळलं. तिसऱ्यांदा मागितली. आपल्याकडे कोणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, हे तुला सांगायला नको. तिसऱ्या वेळी नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी अर्धा पेला दिला. तो डोळे मिटून प्यायला, मग खूप खोकला.

आज त्याला ताप आहे. डॉक्टर म्हणाले लघवीचा संसर्ग असेल, आणि त्याचं औषध सुरू केलं. कॉफीचं कोणालाच माहीत नाही. वाँडा माझं शिफारसपत्र याच आठवड्यात लिहिणार आहे. आत्या, मला भीती वाटते. काय करू ते कळव.

तुझी सिग्ने

डुलुथ
१९ ऑक्टोबर १९९६

चि. सिग्ने हीस, अ. उ. आ.

पत्र वाचून लगेच लिहायला बसले. गप्प राहा. म्हाताऱ्यांना ताप येतच असतो, आणि डॉक्टर बघताहेत ना. अर्ध्या पेल्यापायी आयुष्याची माती करू नकोस. पत्र हातात पडू दे, अर्ज जाऊ दे. पुढे शंभर माणसं बरी करशील त्यात हे फिटेल.

जेवत जा.
तुझी आत्या

एल्म फॉल्स
२३ ऑक्टोबर १९९६

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचेपर्यंत मी थांबले नव्हते. मी तुला लिहिलं त्याच्या दुसऱ्या सकाळी नाइस्ट्रॉमची छाती घरघरत होती. मी सरळ वाँडाकडे जाऊन सांगितलं. ती फोनकडे धावली. छातीचा फोटो काढला तर उजवं फुप्फुस भरलेलं. औषध बदललं, इस्पितळात हलवलं. आता ताप उतरला आहे, आणि नॉर्वेवाल्यांना कॉफीसुद्धा धड देता येत नाही, असं तिथल्या नर्सेसना सांगतो म्हणे.

मला काढून टाकलं. वाँडा म्हणाली, तू आलीस हे बरं केलंस, पण पेला दिलास तेही तूच. तिचं बरोबर आहे. शिफारसपत्र मिळणार नाही. यंदाचा अर्ज हुकला. एवढं साधं सांभाळता आलं नाही, तर मी डॉक्टर व्हावं का हेच मला कळेनासं झालं आहे. तुझ्या सल्ल्याचा मला राग नाही.

तुझी सिग्ने

डुलुथ
२८ ऑक्टोबर १९९६

चि. सिग्ने हीस, अ. उ. आ.

माझं ते पत्र शेगडीत घाल. तू माझं ऐकलं असतंस तर तो माणूस आज जमिनीखाली असता, आणि तू डॉक्टर झाली असतीस. असली डॉक्टर मला घराण्यात नको होती. हे मला तुझ्या पत्रानंतर कळलं.

इथल्या शुश्रूषागृहात मदतनीस हवे आहेत. मी तिथल्या बाईंना जाऊन सगळं सांगितलं, पेल्यासकट. त्या म्हणाल्या, पाठवा, पण पहिले काही महिने तिच्या हातचा प्रत्येक पेला मी बघणार. मी म्हटलं, बघा. माझी वरची खोली झाडून ठेवली आहे.

अर्ज पुढच्या वर्षी कर, नाहीतर त्याच्या पुढच्या. मी सत्तरी ओलांडली आहे, तरी मला घाई नाही. मग तुला कसली?

गाडीची वेळ कळव, स्टँडवर येते.
तुझी आत्या