बारा खुणा, दहा वाटा

२० मे २०२५, मंगळवार, सकाळी ११.४०

सांगलीत अस्वल गणना समितीची सभा. सचिव जयराजनं सगळ्यांदेखत माझे दोन कागद बाजूला काढले. "मॅडम, कोरे कागद कसे मोजायचे?" लोक हसले.

कोरे नव्हते! वाट, तारीख, वेळ लिहिलेली. खुणा: शून्य. वाट दाखवणाऱ्या धोंडुबाईबरोबर शिराळ्याच्या डोंगरात दोन दिवस चालले मी त्यासाठी.

एकूण दहा वाटा, दर वाटेला एक कागद. सहा वाटांवर मिळून बारा खुणा – उकरलेली वारुळं, झाडांवरचे ओरखडे, विष्ठा. चार वाटांवर काहीच नाही. ह्यांनी बाराला सहानं भागलं, दोन आले. गेल्या वर्षी आठ कागद, बारा खुणा, म्हणजे दीड. म्हणून अस्वलं वाढली! म्हणून पिल्लासकट मादी पकडून दूर न्यायची. शिफारस २ जूनला वनखात्याकडे जाणार.

२१ मे

बाराला दहानं भागायचं. एक पूर्णांक दोन. म्हणजे घट. कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेस शून्य मार्कवाल्यांनाही वर्गाच्या सरासरीत धरायच्या. हे महाशय कुठल्या शाळेत गेले?

२३ मे

जयराजला फोन. म्हणाला, आता निवृत्त झालात, आराम करा. शाळेतून झाले. गणितातून नाही.

२६ मे

समितीला लिहिलेलं पत्र घेऊन धोंडुबाईकडे गेले. बरोबर चालली होती, तिचीही सही हवी. अंगणात बसून तिला सगळं वाचून दाखवलं. शून्य वगळणं म्हणजे अप्रामाणिकपणा – हे जरा चढ्या आवाजात.

तिनं शेंगा सोलता सोलता ऐकलं.

"आवं बाई, गेल्या साली बी आपल्याला काय घावलं न्हवतं. तवा दोनी कागुद तुमीच चुलीत घातलासा की. च्या केलता त्येच्यावर."

मी एक शेंग उचलून सोलायला घेतली.

"लय ग्वाड झालता," म्हणाली, आणि सही केली.

२७ मे

म्हणजे गेल्या वर्षीही वाटा दहाच. बारा भागिले दहा. एक पूर्णांक दोन – यंदाइतकेच. वाढ नाही. घटही नाही.

"घट" खोडलं. माझी चूक पहिल्याच परिच्छेदात घातली. शेवटची ओळ तीच ठेवली, फक्त माझ्या शून्यांची भर घातली: सगळी शून्यं धरून, माझी जळालेली दोनसुद्धा, नवा आकडा काढावा, मादीची शिफारस थांबवल्याचं शुक्रवार, ३० मे, सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावं. फोन चालणार नाही.