निखारा सोडशील का?

तुरुंगातून,
९ फेब्रुवारी २०२५

ती. गंधालीताईस,
सा. न. वि. वि.

मी ठीक आहे, असं आईला सांग. तुला खरं सांगतो. काल झोपायच्या जागेवरून बराकीत मारामारी झाली. राजाराम म्हणून एक आहे, त्याने माझं तोंड नळाच्या कट्ट्यावर आपटलं. पुढचा दात तुटला. मीही त्याचं बोट हाडापर्यंत चावलं. देवेश भावोजींचा पाय रॉडने मोडताना मी घाबरलो नव्हतो, इथे रोज घाबरतो.

भावोजींचा वकील येऊन गेला. तू मारहाणीची तक्रार मागे घेऊन बोरिवलीला नांदायला गेलीस, तर भावोजी जबाब फिरवतील, जिन्यावरून पडलो म्हणतील. मग मी सुटेन. ताई, विचार कर ना. माणूस बदलतो कधीकधी.

आणखी एक काम. माझा टीव्हीवरचा गेम अर्धा राहिलाय. राक्षसाने साऱ्या चुली विझवल्या आणि एक मुलगी शेवटचा निखारा मुठीत घेऊन निघाली, तोच. संध्याकाळी मी ती गोष्ट बराकीत सांगतो. पुढे काय म्हणून सगळे डोकं खातात. खेळून शेवट कळव. तुला धड मिक्सर लावता येत नाही, तरी प्रयत्न कर.

माया आहे तशीच असू दे.
तुझा,
यज्ञेश

मुलुंड,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. यज्ञेश यास,
अ. उ. आ.

आईला फक्त पहिली ओळ वाचून दाखवली. मिठाच्या पाण्याने चुळा भर.

मिक्सरवरून बोललास ना, मग ऐक. गेममध्ये वाटेत दगडी मूर्ती दिसली की मला वाटायचं, हा गावचा राखणदार. आपल्याकडे राखणदाराला नारळ ठेवल्याशिवाय वेस ओलांडतं का कोणी? मी प्रत्येकापुढे पिशवीतलं लाल फळ ठेवलं, गाऱ्हाणंही घातलं. आई मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होती. राक्षसापुढे पोचल्यावर कळलं, ती फळं जखमांवरचं औषध होती. हस आता.

मग त्याने त्या मुलीला झोडपलं. केसांना धरून पायऱ्यांवर आपटलं, उचललं, पुन्हा आपटलं. देवेशने माझं डोकं ओट्यावर असंच आपटलं होतं. माझ्या हातातून कंट्रोलर पडला. ती मात्र उठत राहिली, एक हात मोडलेला, दुसरी मूठ निखाऱ्याने भाजलेली. ती उठली की मलाही वाटायचं, काहीतरी चांगलं होईल. शेवटी त्याने तिच्या भावाला ओढत आणलं आणि विचारलं, “निखारा सोडशील का? याला सोडतो.” मी लगेच ‘हो’ दाबलं. तुझ्यासाठीच दाबलं रे. त्याने निखारा टाचेखाली चिरडला आणि भावाची मान तिथेच मोडली. मी ओक्साबोक्शी रडले. आईने टीव्ही बंद केला.

गोष्ट खोटी आहे, कळतं मला. पण ती मुलगी डोळ्यांपुढून हलत नाही. माझी बॅग भरलेली आहे. महाशिवरात्र झाली की देवेश न्यायला येणार. तू जा म्हणालास तर जाईन, रागावणार नाही. त्याआधी उत्तर धाड.

जिवाला जप, आम्हाला विसरू नकोस.
तुझी,
ताई

तुरुंगातून,
२१ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

‘जा’ असं लिहिलेलं पत्र काल फाडलं.

संध्याकाळी सगळ्यांना शेवट सांगितला. मग राजारामच म्हणाला, “पण तिला हो म्हणायला लावलं कोणी?” त्याला आपलं काही माहीत नाही.

माणूस बदलतो असं मी लिहिलं, ते घाबरून लिहिलं. मी सुटावं म्हणून तुला पुन्हा त्या ओट्यापाशी पाठवत होतो. फार लाज वाटते, ताई.

वकिलाला निरोप दिलाय, जिना वगैरे काही नव्हतं. मीच मारलं, आणि का मारलं ते कोर्टात सांगेन. होईल ती शिक्षा भोगेन. इथे मार पडतो, पडू दे. मीही उठतोच आहे.

बॅग रिकामी कर. देवेश आला तर दार उघडू नकोस. गेम पुन्हा लाव, राखणदाराला नुसता नमस्कार कर. राक्षस भावाला ओढत आणेल, पुन्हा तेच विचारेल. नाही म्हण, आणि माझ्याकडे बघू नकोस.

तुझाच,
यज्ञेश